मुक्कामाचे ट्रेक, स्पिती आणि कॅमेरा: एका सॅकेत सगळं कसं बसवायचं?

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. उंची पाच फूट दोन इंच, वजन ५५ किलो. कॅमेरा कॅनन आर७, त्यासोबत १८-१५० आणि आरएफ १००-४०० अशा दोन लेन्स आणि एक छोटा ट्रायपॉड. पावसाळ्यात नि हिवाळ्यात सह्याद्रीत मुक्कामाचे ट्रेक, आणि पुढच्या उन्हाळ्यात विमानाने चंदीगड गाठून तिथून गाडीने स्पिती. बजेट बारा हजार. कॅमेऱ्याची खास ३० लिटरची बॅग घ्यावी की ४५ लिटरची ट्रेकिंग सॅक, आणि एकाच बॅगेत सगळं भागेल का, हे तुम्हाला हवंय.

माझं उत्तर: ट्रेकिंग सॅक घ्या. ४० ते ४५ लिटरची, तुमच्या पाठीच्या मापाची. कॅमेऱ्यासाठी आत एक फोमचा सुटा डबा ठेवा, जो हवा तेव्हा अख्खा बाहेर काढता येईल. बाजारात त्याला कॅमेरा क्यूब किंवा इनसर्ट म्हणतात. कॅमेऱ्याच्या खास बॅगा मी ट्रेकच्या ग्रुपमध्ये आणि फोटोग्राफीच्या कार्यशाळांत भरपूर हाताळल्यात, त्यातल्या काही फार सुंदर बनवलेल्या असतात. तरी तुमच्या वापराला ती बॅग बसत नाही, आणि कारण वजनाचं आहे.

हिशोब मांडून बघा. आर७ बॅटरी आणि कार्डासकट ६१२ ग्रॅम. १८-१५० लेन्स ३१० ग्रॅम, १००-४०० लेन्स ६३५ ग्रॅम. म्हणजे दीड किलोच्या जरा वर. जादा बॅटऱ्या, चार्जर, फिल्टर, पुसायची फडकी धरली की दोन किलो. हलका ट्रायपॉड सव्वा किलोचा. आता मुक्कामाचं सामान: स्लीपिंग बॅग एक किलो, कॅरी मॅट, कपड्यांचा एक जोड, जॅकेट, रेनकोट, हेडटॉर्च, औषधं, ताट-मग मिळून अडीच किलो, खाऊ आणि शिधा एक किलो, पाणी तीन लिटर, म्हणजे तीन किलो. हे झालं पावणेअकरा. रिकामी सॅक दीड किलोची धरली तर पाठीवर सव्वाबारा किलो आले.

मुक्कामाच्या ट्रेकला स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं घेऊ नये, असा एक ढोबळ नियम आहे. तुमच्या बाबतीत तो ११ किलोवर येतो. म्हणजे दीड किलोची सॅक धरूनही तुम्ही सव्वा किलोने वर आहात. अशा वेळी रिकामी असतानाच दोन-सव्वादोन किलो भरणारी पॅडिंगवाली कॅमेरा बॅग घेणं मला पटत नाही. शिवाय तिच्या ३० लिटरमधली निम्मी जागा फोमच्या कप्प्यांनी खाल्लेली असते. स्लीपिंग बॅग आणि मॅट मग बाहेर बांधावी लागते.

बाहेर बांधलेलं सामान आपल्याकडे फार त्रास देतं. युरोपातल्या रुंद, मोकळ्या वाटांवर सॅकेला चार गोष्टी लटकवून चाललं तर खपून जातं. आपल्या वाटा कारवीच्या झुडपांतून जातात. डोक्याच्या वर गेलेल्या कारवीच्या रानात दोन्ही बाजूंनी काटक्या ओढतात; मॅटचे तुकडे निघतात, ट्रायपॉडचा पाय अडकला की माणूस मागे खेचला जातो. हरिश्चंद्रगडाला खिरेश्वरहून गेलात तर तोलार खिंडीनंतर रेलिंगचा कातळटप्पा लागतो. तिथे कातळाला अंग लावून चढताना सॅकेच्या बाजूला बांधलेला ट्रायपॉड खडकावर आपटतो, तोल एका बाजूला जातो आणि मागचा माणूस हेल्मेट नसेल तर शिव्या घालतो. नळीच्या वाटेसारख्या खड्या, अरुंद घळीत तर बाहेर काही लटकलेलं असूच नये. सॅकेची रुंदी आपल्या खांद्यांच्या आत राहिली पाहिजे, एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मा त्रास वाचतो.

म्हणून ४० ते ४५ लिटर. पन्नासच्या पुढे जाऊ नका, कारण जागा दिसली की माणूस भरतो.

आता पाठीचं माप. सॅक घेताना लोक लिटर विचारतात, रंग विचारतात, कप्पे मोजतात. पाठीची लांबी कुणी मोजत नाही. उंचीवरून हे माप कळत नाही. सारख्या उंचीच्या दोघींच्या पाठीत चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज असतो. मोजायचं असं: मान पुढे झुकवा, मानेच्या तळाशी एक हाड टचकन वर येतं, तिथून सुरुवात. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर असे ठेवा की अंगठे पाठीकडे वळतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ कण्याला जिथे छेदते, तिथे शेवट. कुणाला तरी शिंप्याची टेप कण्यावरून धरायला सांगा. तुमचं माप बहुधा ४० सेंटिमीटरच्या आसपास निघेल, पण मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नका. पुरुषांच्या मधल्या मापाची सॅक अशा पाठीला लांब पडते. कमरेचा पट्टा मांडीच्या खुब्यावर उतरतो, तिथे तो काहीच पेलत नाही आणि सगळं ओझं खांद्यावर येतं.

बायकांसाठीच्या सॅकमध्ये रंगाशिवाय खरंच काही वेगळं असतं का, असं पुष्कळजणी विचारतात. चांगल्या सॅकमध्ये असतं. खांद्याचे पट्टे आतल्या बाजूला जास्त वळवलेले, जरा अरुंद आणि एकमेकांच्या जवळ शिवलेले असतात, त्यामुळे छातीच्या कडेला काचत नाहीत. कमरेचा पट्टा वरच्या कडेला आत झुकलेला असतो. पाठ सरकवून कमी-जास्त करता येणारी सॅक मिळाली तर उत्तम, मात्र त्या यंत्रणेचं वजन पडतं.

कमरेचा पट्टा हा सॅकेचा जीव. ओझ्याचा मोठा वाटा त्यानेच पेलायचा असतो. पट्ट्याची मधली रेघ कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसली पाहिजे, म्हणजे अर्धा पट्टा हाडाच्या वर, अर्धा खाली. घालताना आधी सगळे पट्टे सैल करा. मग कमर आवळा, नंतर खांदे ओढा, त्यानंतर खांद्याच्या वरून सॅकेच्या माथ्याकडे जाणाऱ्या दोन छोट्या पट्ट्या, आणि सगळ्यात शेवटी छातीची क्लिप. बरोबर बसली असेल तर खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात. इथे एक बारकी गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही: पट्ट्याखाली पँटचा बेल्ट, खिशातल्या किल्ल्या किंवा नाडीची गाठ नको. नाडीची गाठ दोन तासांत कमरेच्या हाडावर लाल वळ उठवते आणि मग माणूस पट्टा सैल सोडून चालायला लागतो. इलॅस्टिकची ट्रॅक पँट घाला.

पाठीच्या बाजूला ताणलेली जाळी असलेल्या सॅक हल्ली सगळीकडे दिसतात. पाठ आणि सॅक यांच्यात हवा खेळते, आपल्या उकाड्यात बरं वाटतं. तरी कॅमेरावाल्यांना मी त्या टाळायला सांगतो. जाळी ताणण्यासाठी फ्रेम धनुष्यासारखी वाकवलेली असते. त्यामुळे वजन अंगापासून मागे जातं आणि कातळावर ते झुलतं. दुसरं म्हणजे ती वाकलेली पाठ आतल्या कप्प्यात पोट काढून शिरते. तुमचा फोमचा डबा चौकोनी. तो त्या पोटावर तिरका बसतो, कोपरा पाठीत टोचतो, आणि लिटरच्या आकड्यावरून हे आधी कळत नाही. सपाट फोमची पाठ, आत प्लास्टिकची शीट किंवा ॲल्युमिनियमची पट्टी असलेली सॅक घ्या. पाठ घामेजेल. ती तशीही घामेजतेच.

सॅक उघडण्याची सोय मात्र नीट बघा. वरून नाडीने बंद होणारी साधी सॅक हलकी आणि टिकाऊ, पण कॅमेरा मधे असेल तर प्रत्येक वेळी वरचं सगळं उपसावं लागतं. पुढच्या बाजूने उलट्या यू आकाराची मोठी चेन असलेली सॅक तुम्हाला जास्त कामाची. कॅमेऱ्याच्या खास बॅगांत पाठीकडून उघडणारा दरवाजा असतो. त्या रचनेचा एक खरा फायदा आहे: उघडताना बॅगेचा पुढचा भाग जमिनीवर टेकतो आणि अंगाला लागणारे पट्टे वर राहतात. पुढून उघडणारी सॅक चिखलात आडवी टाकलीत तर तोच चिखल पुन्हा पाठीला लागतो. यावर उपाय फार साधा. कॅरी मॅटचा हातभर तुकडा कापून सॅकेच्या बाहेरच्या जाळीत खोचून ठेवा. सॅक टेकवायला, बसायला, गुडघा टेकून फोटो काढायला तो दिवसभर उपयोगी पडतो.

डबा केवढा हवा? आर७ ला १८-१५० लावलेली, शेजारी आडवी १००-४००, आणि वर बॅटऱ्यांची पिशवी. आतून साधारण २५ x २० x १२ सेंटिमीटर पुरतो. तो सहा लिटर झाला. दुकानातले क्यूब याहून मोठे घ्यायचा मोह होईल, "पुढे लेन्स घेतली तर" म्हणून. तसं करू नका. मोकळ्या राहिलेल्या डब्यात कॅमेरा हलतो आणि सॅकेतली जागा फुकट जाते. परदेशी कंपन्यांचे क्यूब चांगले असतात पण महाग. बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून ८ ते १० मिलिमीटरचा ईव्हीए फोम घालून, बाहेरून नायलॉन आणि आतून वेल्क्रोला चिकटणारं मऊ कापड लावून असा डबा शिवून मिळतो. सॅक सोबत घेऊन जा आणि तिच्या आतल्या मापाचाच शिवून घ्या. दोन गोष्टी बजावून सांगा: वर एक मजबूत हँडल, आणि झाकणाची चेन तीन बाजूंनी. आतले पडदे सुटे ठेवा.

भरताना स्लीपिंग बॅग तळाला. तिच्यावर डबा, पाठीला अगदी चिकटून. डब्यापुढे कपडे आणि मॅट, वर खाऊ, रेनकोट सगळ्यात वर. जड वस्तू पाठीच्या मधल्या भागात आणि कण्याजवळ हव्यात. पुढच्या कप्प्यात जड ठेवलं की सॅक मागे ओढते आणि आपण पुढे वाकून चालतो. कातळटप्पे जास्त असतील तर डबा थोडा खाली, हे चालतं. पुष्कळ बायकांना तसंही वजन जरा खाली असलेलं सोयीचं जातं.

पाण्याची नळीवाली पिशवी आणि कॅमेरा एका कप्प्यात नको. सॅकेत "हायड्रेशन"चा वेगळा खिसा दिलेला असतो, तो बहुतेक वेळा मुख्य कप्प्याच्या आतच, नेमका तुमच्या डब्याशेजारी असतो. कंपनी गळणार नाही म्हणते. मी बाटल्या वापरतो, बाजूच्या खिशात, दोन्हीकडे सारख्या.

फोटो काढायचे असतील तर कॅमेरा सॅकेत असून भागत नाही, हेही तितकंच खरं. चढताना पाठीवरची सॅक उतरवून, चेन उघडून, डबा उघडून फोटो काढण्याचा उत्साह पहिल्या तासात संपतो. त्यामुळे चालताना कॅमेरा आणि १८-१५० बाहेर, बाकी आत. खांद्याच्या पट्ट्याला लावायची धातूची क्लिप मिळते, तिच्यात कॅमेरा अडकतो. तुमच्या वजनाच्या कॅमेऱ्याला ती चालेल. मात्र पट्टा अरुंद आणि मऊ असेल तर कॅमेरा डुलून छातीवर आपटतो, म्हणून सॅक घेतानाच क्लिप लावून बघा. दुसरा मार्ग छातीवर बांधायची छोटी पिशवी. त्यात कॅमेरा झाकलेला राहतो, धूळ-पाऊस लागत नाही. उतरताना पाय कुठे पडतोय ते मात्र दिसत नाही. घसाऱ्यावर हे धोक्याचं आहे. कातळटप्पा आला की काहीही असो, कॅमेरा सॅकेत आणि दोन्ही हात मोकळे. गळ्यात लोंबणारा कॅमेरा घेऊन रेलिंग धरू नका.

आता पाऊस, ज्याच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय: "रेन कव्हर असलेली सॅक सुचवा." रेन कव्हरवर विसंबू नका. कव्हर सॅकेच्या पुढून आणि बाजूंनी झाकतं, पाठीची बाजू उघडीच असते. पाणी मानेवरून, रेनकोटवरून ओघळून पाठ आणि सॅक यांच्या मधे जातं, पाठीचा फोम ते स्पंजासारखं पितो आणि शिवणीतून आत सोडतो. सह्याद्रीतला पाऊस सरळ पडतच नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दरीतून वर येणारा वारा कव्हर फुगवतो आणि नीट बांधलेलं नसेल तर उडवून नेतो. टिकलंच तर कव्हरच्या तळाशी पाणी साठतं आणि स्लीपिंग बॅगचा खालचा भाग त्यात भिजत राहतो. कव्हर घ्या, चिखल आणि काट्यांपासून ते सॅकेचं कापड वाचवतं. तळाला छोटं छिद्र नसेल तर स्वतः एक पाडून घ्या. कॅमेरा मात्र आतूनच कोरडा ठेवायचा.

त्यासाठी दोन थर. पहिला, सॅकेच्या आत मावेल एवढी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, सगळं सामान तिच्यात भरून तोंड पिळून खाली दुमडायचं. दुसरा, कॅमेऱ्याच्या डब्याला वेगळी ड्राय बॅग, १० ते १५ लिटरची, तोंड गुंडाळून बंद होणारी. तोंड निदान तीन वळसे गुंडाळायचं आणि आधी आतली हवा दाबून काढायची. घरी बादलीत बुडवून तपासा, आत वर्तमानपत्र घालून. दोन्ही मिळून खर्च रेन कव्हरच्या आसपासच येतो.

पावसात कॅमेरा बाहेर काढायचा तर छत्री. ट्रेकर मंडळी छत्रीला हसतात, पण झाडीतल्या वाटेवर, धबधब्याजवळ, गुहेच्या तोंडाशी एका हातात छत्री धरणारा मित्र कुठल्याही महागड्या रेन स्लीव्हपेक्षा बरा. कड्यावर छत्री उघडू नका, तिथे ती छत्रीही जाते आणि तोलही. कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसावं म्हणून लोक तासन्‌तास बसतात. खाली दरीत ढग आणि पाठीमागे ऊन, असा योग आला की ढगावर गोल इंद्रधनुष्य आणि त्यात आपलीच सावली. तो खेळ काही मिनिटांत संपतो. अशा वेळी डबा ड्राय बॅगेतून काढून सॅकेच्या अगदी वर, आणि सॅक पोटाशी धरून बसायचं.

आणखी एक शत्रू आहे आणि तो घरी गाठतो. पावसाळी ट्रेकहून आल्यावर कॅमेरा डब्यातच ठेवून सॅक कपाटावर टाकली की लेन्समध्ये बुरशी धरायला सुरुवात होते. फोम ओल धरून ठेवतो. वरून कोरडा वाटतो, आत दमट असतो. आल्या दिवशीच कॅमेरा आणि लेन्स बाहेर काढा, पुसा, पंख्याखाली ठेवा. नंतर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, किंवा ड्राय कॅबिनेट असेल तर ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर. फोमचा डबा पडदे सुटे करून दोन-तीन दिवस वाळवा. सॅकही उलटी करून सावलीत. सॅकेच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो, ओलीत राहून तो चिकट होतो आणि मग त्याचे पापुद्रे निघून सगळ्या सामानाला लागतात. मुंबई-कोकणातल्या हवेत हे लवकर होतं. वॉशिंग मशीन, गरम पाणी, डिटर्जंट यातलं काहीही सॅकेला लावू नका. साधं पाणी, मऊ ब्रश आणि अंगाचा साबण पुरतो. घामाचं मीठ पट्ट्यांत आणि चेनमध्ये साठतं, तेवढं धुऊन काढायचं.

विमान आणि स्पिती. देशांतर्गत उड्डाणांत हातातल्या सामानाला साधारणपणे सात किलोची मर्यादा असते आणि आकार ५५ x ३५ x २५ सेंटिमीटरच्या आसपास धरला जातो. तिकिटावरचा नियम एकदा बघून घ्या. ४५ लिटरची फ्रेमवाली सॅक ६० सेंटिमीटरच्या वर जाते, ती केबिनमध्ये जाणार नाही. सुटा डबा इथे कामाला येतो. डबा उचलायचा, घडी होणाऱ्या १८-२० लिटरच्या पातळ पिशवीत टाकायचा आणि ती पाठीला लावून विमानात बसायचं. मोठी सॅक, ट्रायपॉड आत घालून, चेक-इनला. तिचे पट्टे मोकळे सोडू नका, बेल्टच्या यंत्रात अडकून क्लिपा तुटतात. कमरेचा पट्टा उलटा फिरवून सॅकेभोवती बांधा आणि सगळी सॅक एखाद्या पोत्यात किंवा जुन्या चादरीच्या खोळीत घाला.

जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या सामानात टाकता येत नाहीत, त्या सोबतच हव्यात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना वेगळी परवानगी लागत नाही. तुमची कॅमेऱ्याची बॅटरी पंधरा-सोळाच्या घरातली आहे आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ ची, त्यामुळे काळजी नाही. बॅटरीची टोकं उघडी नकोत, प्रत्येकीला तिचं झाकण किंवा छोटी पिशवी.

स्पितीत तुमचं मोठं सामान गाडीत किंवा होमस्टेमध्ये असणार. दिवसभर पाठीवर असेल ती हीच घडीची पिशवी: डबा, पाणी, जॅकेट, टोपी. काझा ३,६०० मीटरच्या वर आहे, आजूबाजूची गावं त्याहून उंच. तिथे सह्याद्रीतले चार किलोही सहासारखे वाटतात, म्हणून कमी असलेलंच बरं. धूळ पिठासारखी बारीक असते आणि चेनमधून आत शिरते, त्यामुळे गाडीत डबा ड्राय बॅगेतच ठेवा. पहाटे गोठलेल्या हवेत बॅटरी लवकर मान टाकते, जादाच्या दोन आतल्या खिशात अंगाशी ठेवायच्या. ऊब मिळाली की त्यातली काही ताकद परत येते.

टिकाऊपणाबद्दल थोडंसं. लेबलवर २१० डी, ४२० डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनिअर, ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. अंगाला २१० आणि तळाला ४२० किंवा त्याहून जास्त असलं की आपल्या कातळावर सॅक नीट टिकते. खरं तर कापड क्वचितच फाटतं. दुरुस्तीला येणाऱ्या सॅकमध्ये मला बहुतेकदा खांद्याच्या पट्ट्याची वरची शिवण उसवलेली दिसते, त्याखालोखाल कमरेची क्लिप तुटलेली आणि चेनचा रनर झिजलेला. म्हणून दुकानात सॅक आतून उलटी करा. पट्टा जिथे शिवलाय तिथे कापडाचा दुहेरी थर आणि दाट, आडव्या टाक्यांची पट्टी हवी. नुसती एक सरळ शिवण असेल तर खाली ठेवा. रनर झिजला तर चेन बदलू नका, नवा रनर पाच-दहा मिनिटांत बसतो. कमरेच्या मापाची एक सुटी क्लिप मात्र कायम सोबत असू द्या, शिवल्याशिवाय बसणारी.

दोन किलोच्या वरच्या मोठ्या लेन्स वापरणाऱ्यांचं गणित निराळं. सोनीची २००-६०० घेतली तर एकट्या लेन्सचं वजन २,११५ ग्रॅम आणि लांबी ३१.८ सेंटिमीटर. भिगवणला होडीतून किंवा ताडोबात जिप्सीतून फोटो काढायला ती लेन्स मांडीवर, नाहीतर बीन बॅगवर असते. पाठीवर वाहायची वेळ येतच नाही. त्यांनी कॅमेऱ्याची खास बॅग खुशाल घ्यावी.

तुमच्या सव्वा किलोचं काय? पावसाळ्यात ट्रायपॉड घरी. ढगात आणि वाऱ्यात तो कामाचा नसतो, आणि सव्वा किलो नेमके तिथेच सुटतात. हिवाळ्यात रात्रीच्या ताऱ्यांसाठी तो हवाच असेल तर १००-४०० घरी ठेवून जा आणि पाणी तीनऐवजी दोन लिटर न्या, हरिश्चंद्रगडावर मंदिरापाशी टाक्यांत भरून घेता येतं. गाळायला कापड आणि शुद्ध करायच्या गोळ्या मात्र बरोबर असू द्या.

पैशांची वाटणी मी अशी करीन: बारातले सात-आठ हजार सॅकेला, दोन हजारांपर्यंत डब्याला, हजारभर ड्राय बॅग आणि घडीच्या पिशवीला, उरलेले कॅमेऱ्याच्या क्लिपसाठी. ऑनलाइन सवलत दिसली तरी पहिली सॅक दुकानात घालूनच घ्या. कॅमेरा घेऊन जा. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या टाकून सॅक दहा किलोची करा, पट्टे सांगितल्या क्रमाने आवळा आणि वीसेक मिनिटं फिरा, जिना असेल तर चार वेळा चढा-उतरा. खांदा बधिर झाला किंवा कमरेचा पट्टा सरकत खाली आला तर दुसरी बघा. विक्रेता "वापरून सैल होईल" म्हणेल. फोम सैल होतो, माप बदलत नाही. आणि बिल जपून ठेवा. पट्ट्याची शिवण कच्ची असेल तर पहिल्या दोन-चार ट्रेकमध्येच कळतं, तेव्हा बदलून मागता येते.